आठव्या अध्यायावर अडलेला बुधवार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तालुक्याच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात: आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी दुपारी महिलांची प्रार्थना सभा असते. दहा-बारा जणी येतो. दोन गाणी, चिठ्ठीतून निघालेलं एखादं वचन, प्रार्थना आणि चहा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदा जूनमध्ये मी सुचवलं की चिठ्ठ्या उचलण्यापेक्षा एखादं पत्र सलग वाचूया. बायबलच्या नव्या करारातलं, पौलाने लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र घेतलं, बुधवारी एक अध्याय. मधले काही बुधवार पावसाने बुडाले, त्यामुळे आठवा अध्याय नेमका गणपतीच्या आठवड्यात आला, आणि विषय मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा. नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून आहे, तिचं माहेर हिंदू. तिने विचारलं, "म्हणजे आईने दिलेला मोदक मी खायचा की नाही?" एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "शास्त्रात स्पष्ट आहे, ते आपल्याला वर्ज्य." दुसऱ्या म्हणाल्या, "त्याच पत्रात आहे, काही न विचारता खा." दोघींनी वचनं काढून दाखवली, आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली. भक्तीसाठी बसलो आणि भांडून उठलो. ती सून त्यानंतर आलेली नाही. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बायकांनी इतक्या खोलात कशाला जायचं? स्तोत्रं घ्या, मनाला शांती मिळते." मी ईश्वरज्ञानाचं शिक्षण घेतलेलं नाही. हे वाचन थांबवू का? मोदकाचं खरं उत्तर काय? आणि पुढे चौदावा अध्याय आहे, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारा. तो मी कोणत्या तोंडाने चालवू?

ताई, सलाम.

सगळ्यात आधी त्या सुनेला भेटून या. मोदक, चौदावा अध्याय, पाळकसाहेब हे सगळं आणखी एक आठवडा थांबेल. जाताना एकट्याच जा. चार जणी मिळून गेलात तर तिच्या सासूला वाटेल पंचायत आली. हातात बायबल नको आणि "येत का नाहीस?" हा प्रश्नही नको. तुझा प्रश्न चांगला होता, तो नीट ऐकून घेण्याआधीच आम्ही उत्तरं द्यायला लागलो, एवढं बोललात तरी पुष्कळ झालं. मग त्या बुधवारी जे कोणीच विचारलं नाही ते विचारा: हा प्रश्न तुला का पडला?

तुमच्या पत्रात मी ते शोधलं, पण सापडलं नाही. तिला मोदक खायचा आहे आणि कोणीतरी हो म्हणायला हवंय? की तिने तो खाल्ला आणि तेव्हापासून मनाला टोचतंय? की नको म्हणाली, आईचा चेहरा पडला आणि तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही? प्रश्न तिन्ही वेळा त्याच शब्दांत विचारला जाईल आणि तिन्ही वेळा त्याला वेगळं उत्तर लागेल. तुमच्या दोन्ही ज्येष्ठ मैत्रिणींनी मोदकाचा निकाल लावला. विचारणारी मात्र बाजूलाच राहिली.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, "भक्तीसाठी बसलो आणि भांडून उठलो." भांडण झालं म्हणजे वाचन फसलं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. ज्या पत्रावरून तुमच्यात वाजलं ते पत्र मुळात भांडणामुळेच लिहिलं गेलंय. करिंथ हे ग्रीसमधलं, दोन बंदरांच्या मधलं व्यापारी शहर. रोमनांनी ते इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि ज्यूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये पुन्हा वसवलं. वसायला आलेल्यांत गुलामीतून सुटलेले लोक बरेच होते. म्हणजे जुनी खानदानं कमी, नव्याने वर आलेले फार, आणि कोण कोणाच्या वर याची चुरस कायम. इथे पौल दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोबरोबर तंबू शिवत. गल्लियो नावाच्या ज्या सुभेदारापुढे त्याला उभं केलं, त्याचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फीला सापडला आहे, त्यावरून हा काळ इ.स. ५० ते ५२ च्या आसपासचा धरतात. पुढे पौल इफिस शहरात गेला आणि त्याच्या पाठीमागे मंडळीत वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या नावाने गट पडले. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. ही बातमी ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी इफिसला पोचवली. करिंथकरांचं स्वतःचं एक पत्रही आलं, त्यात प्रश्नांची यादी होती. स्तेफन, फर्तुनात आणि अखायिक ही तिघं तर स्वतः येऊन भेटली. या सगळ्याला दिलेलं उत्तर म्हणजे तुमच्या हातातले ते सोळा अध्याय.

त्या मंडळीत कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणाला, ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन मोकळे होत आणि नसलेले उपाशी बसत. जो तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, प्रीती सहनशील आहे वगैरे, तोही लग्नासाठी लिहिलेला नाही. कोणाचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, मोठं यावरून बाराव्या आणि चौदाव्या अध्यायात जे रामायण चाललंय, त्याच्या मधोमध तो येतो. तेव्हा तुमच्या बैठकीत आवाज चढले, यात मला पत्राचा अपमान दिसत नाही. चार महिन्यांत प्रथमच त्या पत्राने तुमच्यातल्या कोणालातरी खरंच काही विचारायला लावलं. आधीचे सात अध्याय "बरे गेले" असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. सातवा अध्याय लग्न, घटस्फोट आणि विश्वास न धरणाऱ्या जोडीदाराविषयी आहे. दहा-बारा बायकांत तो बरा कसा गेला, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं!

यातून वाचनाच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट निघते आणि ती तुमच्यासारखा गट चालवणाऱ्या सगळ्यांच्याच कामाची आहे. पत्राला पत्रासारखं वाचावं लागतं. कोणी, कोणाला, कशाच्या उत्तरादाखल लिहिलं हे आधी, आणि त्यातून मला काय, हे नंतर. आपल्याकडे क्रम उलटा असतो. वचन आधी काळजाला लावायचं, मग जमलं तर संदर्भ. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर छापून व्हॉट्सॲपवर जे वचन येतं, त्याला मागचं-पुढचं काही नसतंच. आशीर्वाद म्हणून ते ठीक आहे. पण अशीच सुटी वचनं घेऊन दोन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या की तुमच्याकडे झालं तेच होतं. दोघींकडे वचन आहे, दोघींचं वचन खरंच त्या पत्रात आहे, आणि दोघीही पत्राच्या बाहेर उभ्या आहेत.

शिवाय एक अडचण अशी की करिंथकरांनी पाठवलेलं पत्र आज आपल्याकडे नाही. पाचव्या अध्यायात पौल स्वतःच्याही एका आधीच्या पत्राचा उल्लेख करतो, तेही हरवलं. त्यामुळे काही वाक्यं पौलाची स्वतःची आहेत की करिंथकरांची वाक्यं तो त्यांनाच परत ऐकवतोय, हे बघावं लागतं. "आपणा सर्वांना ज्ञान आहे", "मूर्ती म्हणजे काहीच नाही", "सर्व गोष्टींची मोकळीक आहे" ही वाक्यं करिंथमधल्या हुशार मंडळींच्या तोंडची असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून तर प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे "पण" येतो. मोकळीक आहे, पण सगळंच हिताचं नसतं. ज्ञान आहे, पण ज्ञानाने माणूस फुगतो. यातला पहिलाच अर्धा भाग तोडून कोणी तुमच्यापुढे वचन म्हणून ठेवला, तर पौलाने ज्यांना खोडून काढलं त्यांचीच बाजू त्याच्या नावावर मांडली जाते.

आणि तुमच्या बुधवारी नेमकं काय बिघडलं, तेही सांगते. तुम्ही आठव्या अध्यायाच्या शेवटाला थांबलात. अध्याय पौलाने पाडलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे तर १५५१ साली पॅरिसच्या रोबेर एतिएन या मुद्रकाने घातलेले. नैवेद्याचा मुद्दा आठव्यात सुरू होतो आणि थेट अकराव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीला संपतो. मधला नववा अध्याय वरवर पाहता भलताच वाटतो. त्यात पौल म्हणतो, मला मंडळीकडून पोटापाण्याला घ्यायचा हक्क आहे, पण मी तो वापरत नाही. पण तो अध्याय याच मुद्द्याचा दाखला आहे. हक्क असून सोडता येतो का, हेच तो करिंथच्या हुशार लोकांना विचारतोय. तुमच्या दोघी मैत्रिणींपैकी एकीने आठव्यातलं आणि दुसरीने दहाव्यातलं वचन काढलं असणार. मधला नववा कोणीच वाचला नाही, कारण तो पुढच्या बुधवारचा होता.

तेव्हा पुढच्या बैठकीत आठ, नऊ, दहा आणि अकराव्याची पहिली ओळ असं सलग मोठ्याने वाचा. पंधरा-वीस मिनिटं लागतील. एकीनेच वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. मूळ पत्रं अशीच पोचली. करिंथच्या त्या मंडळीत स्वतः वाचता येणारे थोडेच असणार, आणि थेस्सलनीकाकरांना तर पौल शपथ घालून सांगतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. पुस्तक मिटलेलं असलं की वचनावर बोट ठेवून भांडताही येत नाही, हा वरचा फायदा.

सलग ऐकलंत की लक्षात येईल, पौल तीन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलतोय. एक देवळातली पंगत. करिंथला अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळाला लागून जेवणाच्या खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. इजिप्तमध्ये तर पपायरसवरची आमंत्रणंच मिळाली आहेत, उद्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, सरापिस देवाच्या ताटावर जेवायला यावे, अशी. ही जेवणं म्हणजे वाढदिवस, लग्न, धंद्यातल्या ओळखी, सगळंच. तिथे बसण्याबद्दल पौल कडक आहे. दुसरी जागा बाजार. तिथलं मांस आधी कुठे वाहिलेलं होतं याची चौकशी करत बसू नका, खा. तिसरी जागा दुसऱ्याचं घर. विश्वास न धरणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, विचारू नका. मात्र कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. कोणासाठी? ज्याने सांगितलं त्याच्यासाठी. स्वतःच्या नव्हे, समोरच्याच्या मनासाठी.

मग आईचा मोदक यातल्या कोणत्या जागी बसतो? माझं मत मागितलंत म्हणून देते, आणि ते मतच आहे. माहेरच्या स्वयंपाकघरात आईने लेकीच्या ताटात वाढलेला मोदक मला तिसऱ्या जागेच्या जवळचा वाटतो. आरती करून, ओंजळ पुढे करून घेतलेला प्रसाद पहिल्या जागेच्या जवळचा. पण तिसऱ्या जागेतली ती अट सुटत नाही. "मोदक खा गं" म्हणणं आणि "प्रसाद घे" म्हणणं वेगळं आहे, आणि हे आईला आणि लेकीला दोघींनाही कळतं. म्हणून त्या मुलीला आईशी एकदा मोकळेपणी बोलायला सांगा. नैवेद्य दाखवण्याआधीच लेकीच्या वाटचे मोदक बाजूला काढून ठेवणारी घरं आहेत. गाजावाजा न करता आया हे करतात, फक्त लेकीने आधी सांगायला हवं. आणि बोलून झाल्यावरही तिच्या मनाला टोचत असेल तर तिने खाऊ नये. त्यावरून तिला कोणी कट्टर म्हणू नये. टोचत नसेल आणि तिने खाल्ला, तर बुधवारच्या बैठकीत त्याचा हिशेब मागू नये. नवऱ्याचं मतही तिला एकदा विचारू द्या. तुमच्या अख्ख्या पत्रात तो कुठेच नाही.

आता ज्येष्ठ बाईंबद्दल. तुमच्या पत्राच्या सुरावरून त्यांनीच सगळं बिघडवलं असं वाटतं. मला तेवढी खात्री नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी विश्वासासाठी गाव, भावकी, पाणवठा गमावला, त्यांच्या घरात प्रसाद न घेणं ही खाण्याची गोष्ट उरलेली नसते. ते त्या घराचं स्मारक झालेलं असतं. तुमच्या बाईंच्या घराण्याची कथा काय आहे ते विचारून पाहा. अशी असेल तर ती सगळ्यांना ऐकू द्या, त्या सुनेलाही.

पण इथे पौलाचं पत्र एक चमत्कारिक गोष्ट करतं. आठव्या अध्यायात ज्यांच्या मनाला जपायला सांगितलंय ते कोण? पौल म्हणतो, ज्यांना आतापर्यंत मूर्तीची सवय होती ते. म्हणजे नुकतेच तिकडून आलेले. तुमच्या खोलीत ते वर्णन तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती बाईंना लागू पडत नाही, त्या नव्या मुलीला लागू पडू शकतं. आणि "आम्हांला माहीत आहे" म्हणणारे जे करिंथकर, त्यांच्या जागी त्या दिवशी दोघीही बसल्या होत्या, वर्ज्य म्हणणारी आणि खा म्हणणारी. दोघींना उत्तर माहीत होतं. ज्ञान असलेल्यांनी ज्याला सांभाळायचं, ती उठून गेली. हे तुम्ही कोणावर बोट रोखून बोलू नका. तीन अध्याय वाचून झाल्यावर फक्त एवढं विचारा, "आपल्यात ते कोण, आणि हे कोण?" मग थांबा. गप्प बसणं शिक्षिकेला जड जातं, पण तेवढं जमवा.

तुम्ही ईश्वरज्ञान शिकलेलं नाही म्हणता. पौलाची पत्रं सोपी आहेत असा दावा कोणीच केलेला नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच लिहिलंय की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत. तेव्हा तुम्हाला कळत नाही हे सांगायला लाज नको, खुद्द शास्त्राची साथ आहे. पुढारपण करणाऱ्याकडे उत्तर तयार हवं, हे तुम्ही वर्गातून सोबत आणलंय. वर्गात ते ठीक होतं, तिथे परीक्षा असायची. इथे तुमचं काम वाचन सुरू करणं, एकीलाच सगळा वेळ खाऊ न देणं आणि चहाच्या वेळेला थांबवणं. एक वही ठेवा. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तो तारीख घालून लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही घेऊन पाळकसाहेबांकडे जा.

हो, त्यांच्याकडे जाच. त्यांच्या बोलण्याने तुम्हाला लागलंय ते कळतं, पण तक्रार त्यांच्या दारात आली, तुमच्या नाही. भांडण शमवायला त्यांना स्तोत्रं सुचली. "आम्ही खोलात जाऊ का?" असं विचाराल तर नाहीच म्हणतील. "दहाव्या अध्यायातल्या या वचनात कोणाच्या मनाचा विचार करायचा, यजमानाच्या की शेजारी बसलेल्या भावाच्या?" असं विचाराल तर पुस्तक उघडतील. ईश्वरज्ञान शिकलेल्या माणसाला असे प्रश्न क्वचित कोणी विचारतं. एखाद्या बुधवारी त्यांनाच बोलवा. आणि बायकांनी खोलात जाण्याचंच म्हणाल तर केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामाला दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याही त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकाच होत्या. हे पाळकसाहेबांना टोमणा म्हणून ऐकवू नका. त्यांना ते माहीत असतं.

स्तोत्रांना माझा विरोध नाही. बैठक स्तोत्राने सुरू करा, छान होईल. पण मन शांत करायला म्हणून स्तोत्रसंहिता सुचवणाऱ्यांनी त्यातली शिव्याशापांची स्तोत्रं बरेच दिवसांत वाचलेली नसावीत.

चौदाव्या अध्यायाला अजून अवकाश आहे, तरी तयारी सांगून ठेवते. त्या दिवशी तुम्ही चालवू नका. घाबरून म्हणून नव्हे. त्या दिवशी तुम्ही जे बोलाल ते स्वतःच्या बचावासाठी बोलताय असंच ऐकू येईल. वाचन दुसऱ्या कोणाला द्या आणि अकरावा अध्याय त्याला जोडून घ्या. अकराव्यात पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोक्यावर काय घ्यावं याबद्दल लिहितो. म्हणजे स्त्रिया सभेत मोठ्याने प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, हे तो धरूनच चालतो. तीन अध्यायांनंतर तोच माणूस गप्प राहा म्हणतो. हे कसं जुळवायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी म्हणतात ते वाक्य सभेत मध्येच प्रश्न विचारून होणाऱ्या गोंधळापुरतं आहे. कोणी म्हणतात तीही करिंथकरांचीच वाक्यं असून पौल ती खोडतोय. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं जागेवर नाहीत, अध्यायाच्या अगदी शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर येतात, म्हणून ती मागाहून आली असावीत असंही काही जण मानतात. आणि ती पौलाचीच, सर्व काळासाठी आहेत, असं मानणाऱ्या मंडळ्याही पुष्कळ. शिवाय रोमकरांच्या पत्रात केंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी भेटते, आणि केंख्रिया म्हणजे करिंथचंच एक बंदर. अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. हे सगळं समोर ठेवा आणि निकाल न लावता उठा. चार महिन्यांत तुमच्या गटाला निकाल न लावता उठण्याची सवय झाली असेल, तर मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा होईल.

हे वाचून आणखी कोणी आपल्या मंडळीत पत्रं वाचायला घेणार असेल, तर माझा सल्ला: करिंथकरांपासून सुरुवात करू नका. सोळा अध्याय आहेत, दमछाक होते. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. पंचवीस वचनं, एका पानाचं. अनेसिम नावाचा गुलाम, त्याचा मालक, आणि मध्ये तुरुंगातला पौल. पहिल्या बैठकीत फक्त दोनदा मोठ्याने वाचा आणि पत्रात कोण कोण आहे त्यांची नावं फळ्यावर लिहा. हे पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. म्हणजे मालकाने गुलामाला कसं वागवावं, हे सगळ्यांच्या देखत वाचलं गेलं असणार. मालक त्या वेळी कुठे बघत असेल? अनेसिम खोलीत होता का? एवढ्या दोन प्रश्नांवर तास निघतो. त्यानंतर फिलिप्पैकरांचं पत्र, चार अध्याय. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून" हे कॅलेंडरवरचं वचन तिथे भेटतं, आणि आधीचं वाचलं की कळतं, हे परीक्षेत पास होण्याबद्दल नाही, पोट भरलेलं असताना आणि उपाशी असताना दोन्ही कसं निभवावं याबद्दल आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोघी बायकांचं बिनसलेलं तिथेच आहे, नावानिशी. तुमच्या गटात असं काही असेल तर फार रस घेऊन ऐकतील.

तरुण संघाच्या गटांत एक प्रश्न हमखास येतो: अमुक पत्र पौलाचंच का? काही पत्रांबद्दल अभ्यासकांत खरंच वाद आहे, इफिसकरांचं आणि तीमथ्याची दोन्ही त्यांत येतात. तो वाद दडपू नका आणि सगळी संध्याकाळ त्यावर घालवूही नका. करिंथकरांच्या पत्राबद्दल असा वाद नाही. त्यात एके ठिकाणी तर पौल लिहिता लिहिता अडखळलेला दिसतो. तो म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडून मी तुमच्यातल्या कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचा केला. मग म्हणतो, त्याव्यतिरिक्त कोणाचा केला असल्यास ध्यानात नाही. स्तेफन त्या वेळी इफिसलाच होता, हे सोळाव्या अध्यायावरून कळतं. शेजारी बसून त्याने आठवण करून दिली असेल का? ही माझी कल्पना, पण तुमच्या बुधवारी हा तीन वचनांचा तुकडा वाचून बघा.

शेवटचं, छापील मार्गदर्शिका घ्यावी का, तेही तुम्ही विचारलंय. घ्या, पण एकच, आणि ती तुमच्याजवळ राहू द्या. सगळ्यांच्या हातात दिलीत की सगळ्या पत्र सोडून मार्गदर्शिकाच वाचतात, रिकाम्या जागा भरतात आणि चहाला उठतात. त्याऐवजी दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं खोलीत ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा. भिंतीवर एक नकाशा लावा, करिंथ, इफिस, फिलिप्पै, रोम दिसतील असा. शाळेतला जुना चालेल, तुम्हाला कुठून मिळवायचा ते माहीत असेल. आणि बुधवारची वेळ एकदा तपासून बघा. दुपारच्या सभेला नोकरीवाल्या सुना येणार कधी?